एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरचा बॅकअप सारखा अर्धवट थांबतोय? आधी तो कुठे थांबतो ते बघा

एकदा फेल झालेला बॅकअप आणि सारखा फेल होणारा बॅकअप, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या वेळी फेल झाला तर कॉम्प्युटर रिस्टार्ट करून परत चालू केला की बहुतेक वेळा काम होऊन जातं, त्यात फार डोकं घालायची गरज नाही. पण आज चालतो, पुढच्या आठवड्यात थांबतो, डिस्क काढून परत लावली की चालतो, मग परत थांबतो असं चक्र सुरू झालं असेल तर त्यामागे ठराविक कारण असतं आणि ते शोधता येतं. बरेच जण इथे वैतागून थेट डिस्क फॉरमॅट करतात आणि शून्यापासून सुरू करतात. प्लीज लगेच असं करू नका. बॅकअप कितीही फेल होत असला तरी त्या डिस्कवर मागचा एखादा पूर्ण झालेला बॅकअप बहुधा असतो, आणि कॉम्प्युटरमधली डिस्क नेमकी त्याच दिवशी गेली तर हाताशी तेवढंच उरतं. त्यामुळे आधी फोटो, कागदपत्रांचे स्कॅन, हिशेबाच्या फाइल्स असं जे परत मिळणारच नाही ते दुसऱ्या कुठल्यातरी डिस्कवर नाहीतर पेनड्राइव्हवर हाताने कॉपी करून ठेवा आणि मगच शोधाशोध सुरू करा.

आता शोधायचं कसं. माझं ठाम मत आहे की एररचा मेसेज वाचण्याआधी बॅकअप *कधी* आणि *कुठे* थांबतो ते बघायचं. मेसेज बरेचदा मोघम असतात, "बॅकअप पूर्ण होऊ शकला नाही" यातून काय कळणार? पण थांबण्याची पद्धत बरंच सांगते. दरवेळी त्याच फाइलपाशी थांबतो का, की दरवेळी साधारण तेवढ्याच वेळाने थांबतो, की कधीही कुठेही थांबतो, की मुळात सुरूच होत नाही? एका कागदावर दोन-तीन वेळचं लिहून ठेवा, तारीख, वेळ, किती टक्के झालं होतं, शेवटची फाइल कुठली दिसत होती, त्या वेळी लॅपटॉप चार्जिंगला होता की बॅटरीवर. एवढ्याने निम्मं काम होतं.

दुसरी एक टेस्ट आहे ती मी सगळ्यांना पहिल्यांदा करायला सांगतो. बॅकअपचं सॉफ्टवेअर बाजूला ठेवा आणि दहा-वीस जीबीचं एखादं फोल्डर साध्या कॉपी-पेस्टने एक्स्टर्नल डिस्कवर टाकून बघा. हीसुद्धा कॉपी मधेच तुटली तर बॅकअपच्या सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही, दोष बहुधा केबल, पोर्ट, पॉवर किंवा डिस्कमध्ये आहे आणि त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये तास घालवायची गरज नाही. कॉपी व्यवस्थित झाली, दोन-तीनदा झाली, तरी बॅकअप मात्र फेल होतोय, तर मग सॉफ्टवेअर आणि सेटिंग्जकडे वळा.

कधीही कुठेही थांबतो, मधेच विंडोजचा तो डिस्क काढल्याचा आणि परत लगेच लावल्याचा आवाज येतो, डिस्क गायब होऊन परत दिसते, हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार आणि यात पहिला संशय केबलवर घ्यायचा. छोट्या पोर्टेबल डिस्कला बरेचदा तो रुंद, चपटा, दोन भागांचा माइक्रो बी कनेक्टर असतो, तो वापरून वापरून सैल होतो. डिस्क टेबलावर सपाट ठेवा, एखादी मोठी फाइल कॉपीला लावा आणि डिस्क अजिबात न हलवता केबलला कनेक्टरपाशी फक्त बोट लावल्यासारखं हळूच हलवून बघा. तेवढ्याने कॉपी अडकली किंवा डिस्क गायब झाली तर कारण तिथेच आहे. ही टेस्ट बिनमहत्त्वाच्या फाइलवर करा, खऱ्या बॅकअपवर नको. केबल बदलताना घरात पडलेली कुठलीही केबल चालेल असं समजू नका, काही केबल्स फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतात.

केबलच्या जोडीला पॉवर. अडीच इंची पोर्टेबल डिस्क वेगळा अ‍ॅडॉप्टर घेत नाही, ती सगळी वीज यूएसबी पोर्टमधूनच घेते. यूएसबी २.० च्या पोर्टमधून नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर मिळतात आणि यूएसबी ३.० मधून ९००. डिस्क फिरायला लागते त्या क्षणी तिला सगळ्यात जास्त करंट लागतो, त्यामुळे जुना पोर्ट असेल किंवा मधे स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसलेला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) असेल आणि त्याच हबवर माऊस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह सगळं लटकवलेलं असेल तर डिस्क सुरू तर होते पण लोड वाढला की मान टाकते. हब काढून डिस्क थेट कॉम्प्युटरला लावा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागच्या बाजूचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा, पुढचे पोर्ट आतून अजून एका वायरने जोडलेले असतात आणि तिथेही गडबड असू शकते. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला स्वतःचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर असतो, तिथे तो अ‍ॅडॉप्टर कमजोर झाला की अगदी हीच लक्षणं दिसतात, आणि बरेचदा लोक डिस्क खराब झाली म्हणून टाकून देतात जेव्हा खराब असतो तो फक्त अ‍ॅडॉप्टर. बदलताना व्होल्टेज तेच हवं, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, आणि पिनची पोलॅरिटी (प्लस-मायनसची बाजू) जुळते का तेही बघा.

दरवेळी ठराविक वेळाने, किंवा तुम्ही कॉम्प्युटरसमोरून उठून गेल्यावरच थांबतो असं असेल तर ते जवळजवळ नक्की स्लीपचं प्रकरण आहे. इथे एक सेटिंग नाही, तीन-चार वेगवेगळ्या जागी आहेत आणि म्हणूनच माणूस एक बदलतो, दोन दिवस बरं वाटतं आणि परत तेच. आधी कॉम्प्युटर स्वतः किती वेळाने झोपतो ते बघा, चार्जिंगचं आणि बॅटरीचं वेगळं असतं. मग कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जा, तिथे "टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर" असतं, ते बहुतेक ठिकाणी २० मिनिटांवर असतं, आणि त्याच यादीत यूएसबीखाली "सिलेक्टिव्ह सस्पेंड" असतं ते डिसेबल करा. काही नव्या लॅपटॉपवर हे पर्याय लपवलेले असतात, दिसले नाहीत तर घाबरू नका, पुढचं करा. डिव्हाइस मॅनेजर उघडा, यूएसबी कंट्रोलर्समध्ये प्रत्येक रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो, तिथे "पॉवर वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करू द्या" अशा अर्थाची टिक असते ती काढा. शिवाय काही डिस्कच्या आतच कंपनीने झोपायचा टायमर दिलेला असतो आणि तो कंपनीच्या स्वतःच्या छोट्या युटिलिटीतूनच बदलतो. एरर कोड ८००७००७९ ने संपत असेल, म्हणजे "सेमाफोर टाइमआउट", तर त्याचा साधा अर्थ एवढाच की विंडोजने डिस्कला काहीतरी विचारलं आणि वेळेत उत्तर आलं नाही, अशा वेळी केबल आणि हे झोपेचे पर्याय दोन्ही तपासा.

दरवेळी त्याच फाइलपाशी थांबत असेल तर मामला वेगळा. आधी त्या फाइलची साइज बघा. ४ जीबीपेक्षा मोठी असेल, एखादा व्हिडिओ किंवा आउटलुकची पीएसटी फाइल, आणि एक्स्टर्नल डिस्कची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडून ठेवायची पद्धत, फॅट३२ ही जुनी असेल तर ती फाइल तिथे कधीच जाणार नाही, डिस्कवर ५०० जीबी मोकळे असले तरी नाही, कारण फॅट३२ मध्ये एका फाइलची मर्यादाच ४ जीबी आहे. मेसेज मात्र कधीकधी जागा कमी असल्यासारखा येतो आणि माणूस उगाच जुन्या फाइल्स उडवत बसतो. डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल सिस्टिम लिहिलेली असते. फॅट३२ असेल तर विंडोजच्या कन्व्हर्ट कमांडने डेटा न उडवता ती एनटीएफएस करता येते, तरी आधी कॉपी घेतल्याशिवाय ते करू नका. एक्सफॅटला ही ४ जीबीची अडचण नाही आणि ती विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालते, पण तिला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं, त्यामुळे मधेच केबल ओढली गेली तर फाइल सिस्टिम बिघडण्याची शक्यता जास्त. फक्त विंडोजसाठी बॅकअप घेत असाल तर एनटीएफएसच ठेवा, विंडोजची सिस्टिम इमेज, म्हणजे पूर्ण सिस्टिमची जशीच्या तशी कॉपी, घ्यायला तर तीच लागते.

फाइल लहान आहे तरी तिथेच अडकतोय? मग पाथ, म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता, बघा. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात परत फोल्डर आणि वर लांबलचक नावं, असं करत पूर्ण पाथ २६० अक्षरांच्या पुढे गेला की अजूनही बरीच सॉफ्टवेअर्स तिथे अडखळतात. मधल्या एखाद्या फोल्डरचं नाव छोटं करा, सुटतं. आणि हेही नसेल तर ती फाइल नुसती उघडून बघा. उघडतच नाही, कॉम्प्युटर गोठल्यासारखा होतो, तर तुमची *मूळ* डिस्क, कॉम्प्युटरच्या आतली, त्या जागी खराब झालेली असू शकते. हे फार महत्त्वाचं आहे कारण सगळ्यांचं लक्ष एक्स्टर्नल डिस्ककडे असतं आणि बॅकअप प्रत्यक्षात आतल्या डिस्कच्या आजाराची पहिली खबर देत असतो. अशा वेळी बॅकअप दुरुस्त करायच्या नादात वेळ घालवू नका, आतल्या डिस्कवरून जे निघतंय ते आजच बाहेर काढा.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फ्री टूल पुरतं. आतली आणि एक्स्टर्नल दोन्ही डिस्क त्यात बघा. वरचा निळा "गुड" बघून बंद करू नका, खालच्या यादीत जा. रिअलोकेटेड सेक्टर काउंट (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि करंट पेंडिंग सेक्टर काउंट (नीट वाचता न आलेल्या, संशयित जागा) या दोन ओळी बघा, शेवटच्या रॉ व्हॅल्यूच्या कॉलममध्ये शून्य असेल तर उत्तम, पेंडिंगमध्ये शून्याशिवाय काहीही असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल तर ती डिस्क बॅकअपसाठी वापरणं आजपासून बंद. हा आकडा तिथे हेक्साडेसिमलमध्ये दिसतो, त्यामुळे १० दिसलं तर ते प्रत्यक्षात १६ आहेत. सीआरसी एरर काउंटची एक ओळ असते, ती वाढत असेल तर डिस्कवर लगेच आळ घेऊ नका, डेटा ये-जा करताना वाटेत बिघडतोय असा त्याचा अर्थ, म्हणजे बहुधा कनेक्शनचा दोष. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या लॉगमध्ये "डिस्क" या सोर्सच्या नोंदीही बघाच. नंबर ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचायचं किंवा लिहायचं काम परत करून बघावं लागलं, आणि १५७ म्हणजे डिस्क न सांगता अचानक निघून गेली. तुमच्या कागदावरची वेळ आणि या नोंदीची वेळ जुळली की अंदाज करत बसायची गरजच उरत नाही.

चेकडिस्क (chkdsk) या विंडोजच्या डिस्क तपासायच्या टूलबद्दल एक कळकळीचं सांगणं. कुठेही विचारा, लोक सांगतात चेकडिस्क चालवा, स्लॅश आर लावून चालवा. फाइल सिस्टिम बिघडली असेल तर त्याने फायदा होतो हे खरं, पण स्लॅश आर पूर्ण डिस्क सेक्टर न सेक्टर वाचतं, मोठ्या यूएसबी डिस्कवर त्याला तासन् तास लागतात, आणि डिस्क आतून खरंच मरायला टेकली असेल तर तेवढ्या ताणाने ती पूर्णच जाऊ शकते. त्यामुळे आधी तब्येत बघा, डेटा बाहेर काढा आणि मग चेकडिस्क. आणि डिस्कमधून टक टक टक असा ठेक्यात आवाज येत असेल तर काहीच चालवू नका, ती बंद करून ठेवा, त्यावर दुसरीकडे कुठेही नसलेलं काही असेल तर डेटा रिकव्हरीवाल्यांकडेच द्यायला हवी.

सुरुवातीला भरभर चालतो आणि नंतर गोगलगाय होतो, यात दरवेळी बिघाड असतोच असं नाही. डिस्क यूएसबी २.० च्या पोर्टमध्ये असेल तर सेकंदाला ३०-४० एमबीच्या आसपासच स्पीड मिळणार. पोर्ट ३.० चा असूनही असं होत असेल तर बऱ्याच मोठ्या पोर्टेबल डिस्क एसएमआर प्रकारच्या असतात, त्यात डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही परत लिहावे लागतात. थोडा डेटा असेल तर तिची राखीव जागा तो पटकन सामावून घेते, पण पहिला शेकडो जीबीचा बॅकअप असला की ती जागा भरते आणि स्पीड एकदम पडतो. पहिला बॅकअप रात्रभर चालू दे, किंवा दोन-तीन भागात घ्या, नंतरचे छोटे बॅकअप नीट होतात.

सुरूच होत नाही हा प्रकार बहुतेक वेळा सोपा निघतो. एक, ड्राइव्ह लेटर. काल डिस्क ई होती, आज आधी पेनड्राइव्ह लावला म्हणून ती एफ झाली आणि बऱ्याच सॉफ्टवेअर्सना ती सापडतच नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला शेवटाकडचं एखादं अक्षर, एक्स किंवा वाय, कायमचं देऊन टाका. दोन, टास्क शेड्यूलरमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणारं विंडोजचं टूल) बॅकअप लावला असेल तर त्याच्या कंडिशन्समध्ये "फक्त चार्जिंगला असेल तरच चालू कर" ही टिक आपोआप लागलेली असते, म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर असला की बॅकअप गुपचूप होतच नाही. आणि ठरलेल्या वेळी कॉम्प्युटर बंद असेल तर नंतर चालवायची टिक मात्र आपल्याला स्वतः लावावी लागते. तीन, डिस्कला बिटलॉकर (डिस्कला पासवर्डचं कुलूप लावायची विंडोजची सोय) असेल तर रिस्टार्टनंतर ती कुलूपबंद असते, ऑटो अनलॉक लावा, आणि ती ४८ अंकी रिकव्हरी की त्याच डिस्कवर ठेवू नका.

रोबोकॉपीची, म्हणजे विंडोजच्या फाइल कॉपी करायच्या कमांडची, स्क्रिप्ट वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एखादी फाइल उघडता आली नाही तर रोबोकॉपी मुळात १० लाख वेळा प्रयत्न करतं आणि प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबतं, म्हणून ते अडकलं असं वाटतं, स्लॅश आर आणि स्लॅश डब्ल्यू या स्विचेसनी दोन्ही आकडे एक-दोनवर आणा. आणि टास्क शेड्यूलरमध्ये रिझल्ट १ दिसला तर तो एरर नाही, रोबोकॉपीच्या भाषेत १ म्हणजे फाइल्स कॉपी झाल्या, खरी गडबड ८ आणि त्यापुढे असते. मिरर स्विच वापरताना मात्र डोळ्यात तेल घालून बघा, इकडून चुकून उडालेलं फोल्डर तो तिकडूनही उडवतो.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात. मॅकचं स्वतःचं बॅकअपचं टूल टाइम मशीन "प्रिपेअरिंग बॅकअप"वर तासभर दिसत असेल तर मोठ्या अपडेटनंतर किंवा बरेच दिवसांनी डिस्क लावल्यावर ते चालतं, थांबू दे त्याला. रोजच तसं होत असेल तर अँटिव्हायरस त्या डिस्कवर स्कॅन करतोय का बघा आणि डिस्क युटिलिटीतून फर्स्ट एड चालवा. डिस्क भरली म्हणून घाबरायचं कारण नाही, टाइम मशीन सगळ्यात जुने बॅकअप स्वतः काढत जातं. विंडोजची फाइल हिस्टरी (विंडोजचं स्वतःचं बॅकअपचं टूल) मात्र मुळात सगळ्या आवृत्त्या कायमच्या ठेवते आणि एक दिवस डिस्क भरून थांबते, तिथे अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये "क्लीन अप व्हर्जन्स" आहे, एक वर्षापेक्षा जुन्या काढल्या तरी बरीच जागा सुटते.

आता राहिला सगळ्यात वाईट प्रकार, बॅकअप "सक्सेसफुल" म्हणतो आणि फाइल त्यात नसते. याचं आजकालचं मोठं कारण म्हणजे वनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइल्स ठेवायची सेवा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये गेलेले असतात आणि फाइलच्या नावापुढे छोटा निळा ढग असतो, म्हणजे ती फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर नाहीच, फक्त तिचं नाव आहे. फाइल हिस्टरी अशा फाइल्स घेत नाही. फोल्डरवर राइट क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" करा, ढगाच्या जागी हिरवी खूण येईपर्यंत थांबा आणि मग बॅकअप घ्या. दुसरं कारण म्हणजे फोल्डर यादीतच नाही. फाइल हिस्टरी डेस्कटॉप आणि लायब्ररीजमधलं (डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे) घेते, तुम्ही डी ड्राइव्हवर "फोटो सगळे" नावाचं फोल्डर केलं असेल तर ते एखाद्या लायब्ररीत टाकल्याशिवाय जाणार नाही.

म्हणून महिन्यातून एकदा रिस्टोअर करून बघा. वेगवेगळ्या फोल्डरमधल्या चार-पाच फाइल्स, एक जुना फोटो, एक कालची एक्सेल, एक मोठा व्हिडिओ, वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये परत आणा आणि उघडून बघा, व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे सरकवून बघा. सिस्टिम इमेज घेत असाल तर रिकव्हरीच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर खरंच सुरू होतो का आणि त्या निळ्या स्क्रीनवर तुमची एक्स्टर्नल डिस्क यादीत दिसते का एवढं बघायचं आणि कॅन्सल करून बाहेर यायचं, रिस्टोअर दाबायचं नाही. तिथे डिस्क दिसली नाही तर दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा, आणि कुठल्या पोर्टमध्ये दिसली ते डिस्कवरच चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा.